संसदेसमोर आईचा तंबू

रविवार, ६ मार्च

ठरलं. हॉटेलवाला अल्बेर हो म्हणाला.

ज्यूंच्या पेसाहच्या सणाला इथे एलातला आमचं हॉटेल गच्च भरतं. तेव्हा मागच्या वाळूत तंबू उभा राहणार. कॉफी, तव्यावरची भाकरी, बसायला गाद्या — आणि सगळ्याचा मुख्य मी. माझा धुलाईखाना बंद. चार वर्षं लोकांच्या चादरी धुतल्या, हाताची सालं गेली. आता पांढरा सदरा घालून पाहुण्यांना कॉफी ओतायची.

अल्बेरची अट एकच. "तंबू खरा पाहिजे, बकरीच्या केसांचा. प्लास्टिकचा आणलास तर तुलाच त्यात गुंडाळून परत पाठवीन."

म्हटलं, खराच आहे, माझ्या आजीने विणलेला. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये घडी घालून पडलाय.

"कुणाचा आहे?"

"माझाच."

तसा तो आईचा. आम्हा बेदुइनांत तंबू बाईचा असतो. तीच विणते, तीच उभारते, नवऱ्याशी फाटलं तर बाहेर तो जातो. पण आईचं ते माझंच की.

ताबानला सांगितलं. सुदानचा आहे, इस्त्रीच्या यंत्रावर असतो. म्हणाला, "या शेखसाहेब, आधी या दोनशे उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करा."

मंगळवार, ८ मार्च

आईला फोन केला. तंबू घरी नाही!

"जेरुसलेमला नेलाय," म्हणाली, जसं काही शेजारी चाळण दिली. "संसदेसमोरच्या बागेत. बायका बसल्यात रे आमच्या. ज्यू बायका, आपल्या बायका, पॅलेस्टिनी भागातल्या बेत साहूरहून परवाना काढून येणाऱ्या. पुढाऱ्यांनी पुन्हा तहाची बोलणी सुरू करावीत आणि त्यात बायकाही बसवाव्यात, तोवर उठायचं नाही. त्यांचा बाजारचा तंबू होता, पहिल्याच वाऱ्यात उडाला. मी म्हटलं, थांबा."

"आई, मला तो तंबू हवाय."

"पंधरा दिवसांनी ने."

"आत्ता हवाय. माझी नोकरी आहे त्यात."

"आणि आमचं तिथे काय आहे, सहल?"

फोन ठेवला तिने. माझं ऐकूनही न घेता!

बुधवार, ९ मार्च

अल्बेरने धुलाईची गाडी दिली. उद्या जातो, दुपारपर्यंत तंबू गाडीत. चार बायकांना समजावणं काय अवघड आहे.

गुरुवार, १० मार्च

आज रात्रीच लिहून काढतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दहाला पोचलो. तंबू लांबूनच दिसला. त्या दगडी इमारतींसमोर काळाभोर. उभा बरा होता पण वाऱ्याची बाजू उघडी ठेवलेली. आई असताना? तर म्हणाली, "मी सांगितलं. पण त्यांना रस्त्याकडे तोंड हवं. येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलवायचं तर दार त्याच्याकडेच पाहिजे."

आणि खरंच बोलवत होत्या. सूटवाले, शाळेची पोरं, शिव्या देणारे, सगळ्यांना. "या, पाच मिनिटं बसा, चहा घ्या, मग द्या शिव्या." बेत साहूरची नवाल म्हणून एक होती, ती तर शिव्या देणाऱ्यालाच आधी बिस्कीट पुढे करायची. म्हणे तोंड भरलं की ऐकतो.

गंमत म्हणजे सगळ्या आईला उम्म औदा म्हणत होत्या, औदाची आई. ज्यू बायकासुद्धा. मी दारात उभा आणि आत दिवसभर माझ्याच नावाचा गजर.

एक होती त्सिपोरा. डोंगरावरच्या ज्यू वस्तीतली, धार्मिक, केस निळ्या फडक्यात घट्ट बांधलेले. तिला आई उम्म नादाव म्हणते. त्सिपोराने चहा दिला आणि आपणहून म्हणाली, "नादाव माझा थोरला. लढाईत गेला. घरी त्याचं नाव कुणी काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. इथे तुझी आई दिवसातून पन्नासदा घेते." मी घोट घेतला. म्हटलं, मावशी, चहात साखर कमी आहे. ती हसली.

पण मी कामाला आलो होतो. आईला स्पष्ट सांगितलं, तंबू नेतोय. ती म्हणाली, "हात लावून बघ." मी हातोडी घेतली आणि मागच्या खुंट्या ठोकून सैल करायला लागलो. बायका नुसत्या बघत राहिल्या. कुणी अडवलं नाही. ते जास्त वाईट.

तिसऱ्या खुंटीवर होतो तेव्हा तो आला. माझ्याच वयाचा, डोक्यावर धार्मिक ज्यूंची विणलेली टोपी, लाल. बाहेरूनच ओरडायला लागला, "लाज वाटत नाही? ज्यांनी आपली पोरं मारली त्यांच्या मांडीला मांडी लावून बसता?" नवाल बिस्कीट घेऊन पुढे झाली, त्याने हात झटकला. आणि तंबूच्या मधल्या खांबाला लाथ मारली.

मी स्वतः तो तंबू पाडायला आलो होतो. पण त्याची लाथ बसली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या आजीचा खांब तो. हातोडी उगारून धावलो. त्यानेही गादीशेजारची लोखंडी शेगडी उचलली.

मध्ये काहीतरी काळं पडलं. आईची ओढणी.

आमच्यात बाईने डोक्यावरचं काढून दोघांच्या मध्ये टाकलं की संपलं. ते ओलांडून जाणारा माणूस पुन्हा माणसात बसत नाही. मी ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. माझी आई भर रस्त्यात उघड्या डोक्याने उभी. माझा हात आपोआप खाली आला.

पण त्याला काय माहीत? तो पुढेच आला. एक पाऊल ओढणीच्या अगदी काठावर.

तेव्हा त्सिपोराने मानेमागची गाठ सोडली. निळं फडकं काढलं आणि आईच्या ओढणीवर टाकलं. लग्न झाल्यापासून परक्या पुरुषाने तिचे केस पाहिले नसतील. पांढरे, विस्कटलेले.

तो पांढराफटक पडला. शेगडी खाली ठेवली, हळूच. मान फिरवली आणि निघून गेला.

मीही निघालो. काय करणार? खुंट्या मात्र परत ठोकून आलो. आईकडे बघवलं नाही. रिकामी गाडी एलातपर्यंत नुसती खडखडत होती.

शुक्रवार, ११ मार्च

ताबानला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, ज्यूंच्यातही हीच रीत आहे. बाईने डोक्यावरचं टाकलं की थांबायचं. तो कसा थांबला ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"मग इतकी वर्षं कुणी टाकलं कसं नाही?" ताबान म्हणाला.

त्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

रविवार, १३ मार्च

अल्बेरने रिकामी गाडी पाहिली. "कुठाय?" म्हटलं, दहा दिवसांनी आणतो, बायकांचं आटोपलं की. तो म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत थांबतो. नाहीतर त्याचा भाचा शहरातून तयार तंबू आणणार, आणि गाद्यांवर भाचाच बसणार.

जाता जाता त्याला विचारलं, "तुमच्यात ती फडकं टाकायची रीत आहे ना?"

"कसली रीत?"

सांगितली. तो पोट धरून हसला. "सत्तेचाळीस वर्षं ज्यू आहे मी. असलं काही ऐकलं नाही. तुमच्याच वाळवंटातलं असेल."

मग तो पोरगा का थांबला?

बुधवार, १६ मार्च

चादरी. आणि चादरी. काहीही होवो, चोवीसला जाऊन तंबू आणणार. या वेळी आईच्या हाताला हात लावून, नीट विचारून. ती नाही म्हणणार नाही. मी तिला ओळखतो.

मंगळवार, २२ मार्च

आईचा फोन. उठायच्या नाहीत म्हणे, अजून एक महिना बसणार. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तो लाल टोपीवाला पुन्हा आला होता. रोजच येतो, समोरच्या झाडाखाली उभा राहतो, आत येत नाही. उम्म नादावचा धाकटा तो. आईला घरी न्यायला येतो."

म्हणजे रीत नव्हती, त्याची आई होती.

अल्बेरला सांगून टाकलं, तंबू येणार नाही. गुरुवारी मी आईकडे जातोय. बसने.