पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या

१४ जून, रविवार

आमचा भाडेकरू थान आज पुन्हा भांडला! म्हणे नदीत भात टाकला तो त्याच्या गावच्या जुन्या कवीसाठी, छू युआनसाठी. त्या कवीने राजापायी वैतागून नदीत उडी घेतली, माशांनी अंगाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी भात टाकला. अहो, राहता सूचौत, खाता सूचौचं, आणि गोडवे कुणाचे? आमच्या वू झश्यूने हे शहर वसवलं. राजाने त्याचं प्रेत कातडी पिशवीत घालून पाण्यात फेकलं. भात त्याचा! पाच वर्षं वरच्या खोलीत भाड्याने राहतोय, रोज सकाळी चहाला खाली येतो, आणि दर वर्षी या भाताच्या पुड्यांच्या सणाला हाच वाद. मजा येते पण.

१६ जून

सणाच्या पुड्या बांधायला बांबूची पानं भिजत घातली. थान आला मदतीला. आमच्या पुडीत चिकट भात, डुकराचं मांस, सोया सॉस. त्यांच्याकडे नुसता पांढरा भात आणि मधोमध एक लाल बोर. ते म्हणे छू युआनचं काळीज! एवढंसंच? मी विचारलं. हसताना त्याचा चष्मा घसरला.

१७ जून

त्याच्या मुलाने गावी बोलावलंय. कायमचं. एकवीसचं तिकीट, सकाळी नऊची गाडी. आणि मी काय म्हणावं? "बरं झालं, सकाळची कटकट गेली!" जीभ आहे की कात्री! राहा म्हणायचं होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी साठी उलटलेल्या बाईने हे बोलायचं कसं? सून घरात.

१९ जून

चाळीस पुड्या बांधल्या. मांसाच्या पांढऱ्या दोऱ्याने. थानच्या प्रवासासाठी आठ बोराच्या, त्या लाल दोऱ्याने. लाल दोरा तिसरीलाच संपला! उरलेल्या पाच पांढऱ्यानेच बांधून बाजूला ठेवल्या. लक्षात राहील.

२० जून, सण

कसलं लक्षात राहतंय! माझ्या सुनेने, चिंगलानने, सगळ्या एकाच पातेल्यात उकडल्या. दाराला वेखंडाची पानं, ताटात खारवलेली अंडी, थान जेवायला. तिने पांढऱ्या दोऱ्याची पुडी सोडली. मांस नाहीच.

"आई, यात दोन बोरं आहेत."

थानने काड्या खाली ठेवल्या. "आमच्याकडे एकच असतं. एकच काळीज."

मोजायला चुकलं, मी म्हटलं. कान तापले नुसते.

चिंगलानने एकेक पुडी दाबून बघत पाचही शोधल्या, सोडल्या, ताटात ओळीने मांडल्या. प्रत्येकीत दोन. "पाचही वेळा चुकलं, आई?"

थान माझ्याकडे बघत राहिला. मग एक पुडी ओढून घेतली आणि सगळी खाल्ली, सावकाश. मला आनंद झाला. झाला, लपवायचं कुणापासून?

२१ जून

गाडी नऊची होती. आता दहा वाजलेत. थान माझ्या स्वयंपाकघरात चहा करतोय. चिंगलान फोनवर त्याच्या मुलाला सांगतेय, "नाही, ते येत नाहीत. तुम्हीच या. अहो, लग्नाला!"

मला अजून कुणी विचारलेलं नाही. मी हो म्हणणार आहे.