मिशीवरचा फेस

१८ नोव्हेंबर २००३, मंगळवार, संध्याकाळ

आज परत खोटं बोललो.

पाठीच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी बागेला पाच फेऱ्या मारायला सांगितल्यात. सुनंदा माझ्या कमरेला पट्टा आवळून देते, "सावकाश जावा वो" म्हणत दारात उभी राहते. आणि मी? दुसऱ्या फेरीतच दूधकट्ट्यावर टेकतो. समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. एक म्हणता म्हणता दोन होतात. अंगात ताकद नको का यायला, असं मीच मला समजावतो. येताना मिशी पुसायची की झालं. पट्टा पोटाला पुरेना झालाय, ते कुणाला सांगू?

आज घरात शिरलो तर ती फोनवर माझ्या बहिणीशी बोलत होती. "पाच फेऱ्या मारत्यात की, एक दिवस चुकवत न्हाईत." मग आवाज खाली आला. "ह्ये धड चालायला लागेपर्यंत मी दूध सोडलंय. पण त्यास्नी सांगू नका, वन्सं."

म्हणजे तीन महिने कोरा चहा पितेय ती पित्तामुळं नव्हे. मला तसं सांगितलं होतं, आणि मी परत विचारलंसुद्धा नाही.

फोन ठेवून तिनं विचारलं, "किती झाल्या?"

"पाच."

ती जवळ आली. पदरानं माझी मिशी पुसली.

"फेस लागलाय," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन स्वतःपुरता कोरा चहा ठेवला.