कडेवरचा भाऊ

पिंपरी,
ता. १४ ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप गवराआक्कास, धाकट्या ज्योतीरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. कारखान्यात काम बरं चाललंय, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का?

माझ्या हातून एक चूक झाली. परवा जेवणाच्या सुट्टीत मी बढाईनं सांगून बसलो, की पहिल्या प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा आक्कानं मला कडेवर नेलं होतं. शेजारच्या कारकुनानं लगेच बोटांवर वर्षं मोजली. कागदावर माझं वय पन्नास आहे. प्लेग धरला तर साठी भरते, आणि इथं पंचावन्नला घरी बसवतात. माझे हात अजून धड आहेत, आक्का. मला ओट्यावर बसून माशा मारायच्या नाहीत.

चौकशीला माणूस गावी येईल. त्याला सांग, कडेवरचा भाऊ माळावरच प्लेगानं गेला, हा ज्योतीराम त्याच्यामागून बऱ्याच वर्षांनी झाला.

तुझ्या जिभेवर हे येणार नाही, ठाऊक आहे. तरी सांग. आणि तो माणूस वेशीबाहेर गेला, की माझ्या नावानं मीठमोहरी ओवाळून चुलीत टाक.

तुझाच,
ज्योतीराम