पडद्यासमोर ‘बरं आहे’

मंगळवार, ९ जानेवारी

घसा बसलाय. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, मला ओरडून सांगावं लागतं — दुसरं काय होणार! नातीने ही वही हातात कोंबली. “आजी, जे ओरडायचंय ते यात ओरड. घशाला सुट्टी.” माझी शाळा दुसरीत सुटली. वाचणाऱ्याने चुका काढू नयेत. वाचणारं आहेच कोण म्हणा!

आज दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरची खुर्ची आहे, डॉक्टर नाही. जुन्याची बदली झाली, नवा आलाच नाही. त्याच्या टेबलावर आता पडदा ठेवलाय. दर मंगळवारी त्यात शहरातला डॉक्टर उगवतो. साहेब येऊन फीत कापून गेले. म्हणाले, आता डॉक्टर तुमच्या दारात! दारात आला असता तर त्याच्या चपला तरी दिसल्या असत्या.

म्हाताऱ्याला साखरेचा आजार. अंगठ्याला बूट चावला, ती जखम भरतच नाही. आणि हा माणूस काय करतो? दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, मोजे-बूट चढवून पडद्यापुढे बसतो! सोयरीक जमवायला निघाल्यासारखा. पडद्याला छातीखालचं काही दिसत नाही. त्याला दिसला तो नवरदेव.

“काय आजोबा, कसं काय?”

“बरं आहे!”

“छान. गोळ्या चालू ठेवा.”

झालं. पुढचा नंबर.

गुरुवार, ११ जानेवारी

भांडले. जखमेतून पाणी येतंय आणि बरं आहे? तर म्हणतो, “अगं, परका माणूस एवढ्या लांबून चौकशी करतो. त्याच्यापुढे काय रडगाणं गायचं?”

जन्मभर बस चालवली. लोकांनी म्हणायचं, काय ड्रायव्हरसाहेब, कसं काय? याने म्हणायचं, बरं आहे. ब्रेक लागत नसला तरी बरं आहे!

मंगळवार, १६ जानेवारी

बूट मी लपवून ठेवले. चपलेवर नेला. तोंड पाडून बसला, जसा काही उघडाच आणलाय.

पडद्यात आज दुसराच डॉक्टर. मागचा कुठे गेला, देव जाणे. सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. माझा आवाज फाटका, त्यात त्याचं अर्धं लक्ष खालच्या कागदात. म्हाताऱ्याला म्हणाला, “पाय कधीपासून असा आहे?” याला ऐकू आलं नाही. ओठ हलले एवढं दिसलं. म्हणाला, “बरं आहे!”

मी म्हटलं, “अहो, पाय दाखवा पाय!”

आता तमाशा. कॅमेरा टेबलाला घट्ट बसवलेला. पाय वर न्यायचा कसा? सिस्टरने टाच धरली, मी पाठ धरली. खुर्ची मागे कलली, म्हातारा आडवा व्हायचा राहिला. डॉक्टर म्हणतो, “मला छत दिसतंय.” बाहेरच्या रांगेत हसू फुटलं. मीसुद्धा हसले. लाज वाटते आता.

शेवटी सिस्टरने आपल्या फोनवर फोटो काढून पाठवला. डॉक्टर बघत राहिला.

“फार काळं दिसतंय. तिथे उजेड कमी आहे का?”

उजेड भरपूर होता. पाय काळा होता. मी सांगितलं. पण तोवर चित्र थिजलं, त्याचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मागाहून सिस्टरच्या फोनवर मलमाचं नाव तेवढं आलं.

शनिवार, २० जानेवारी

पायाला वास येतोय. जुना डॉक्टर खडूस होता, वसकन अंगावर यायचा. पण दारातून आत पाऊल टाकलं की नाक वर करायचा. “कोणाची जखम सडलीय?” तारेतून वास कसा जाणार? सिस्टरला येतो. ती म्हणते, “आजी, मला कळतंय हो. पण माझ्या सांगण्यावर मोठ्या दवाखान्याची गाडी मिळत नाही. डॉक्टरने म्हणायला लागतं.” ती मला सांगते, मी तिला सांगते. दोघी एकमेकींची समजूत काढतो आणि पाय कुजतोय.

गाडी स्वतः करावी, तर म्हातारा दार धरून उभा. डॉक्टरने सांगितलं नाही तर मी जाणार नाही!

सुनेने भात मऊ करून दिला. माझा घास हल्ली अडकतो, पाण्यावर ढकलावा लागतो. चिडचिड, दुसरं काय. या माणसाबरोबर राहून कोणाच्या घशाखाली काय उतरणार!

मंगळवार, २३ जानेवारी

पडदा बंद. नेट नाही. रांगेतला एक जण म्हणाला, “आज डॉक्टरच आजारी!” सिस्टरने सगळ्यांना त्याच पांढऱ्या गोळ्या वाटल्या. खोकला, ताप, कुजका पाय — सगळे सारखे. परत आलो.

मंगळवार, ३० जानेवारी

सावकाश लिहिते.

आज पडद्यावर चित्रच येईना, नुसता आवाज. बाईचा आवाज, कोवळा. म्हातारा काळ्या पडद्याकडे बघून हसत बसला.

“आजोबा, कसे आहात?”

“बरं आहे!”

माझा तोल गेला. “बरं नाही! काही बरं नाही! पाय सडलाय याचा, वास येतोय, हा खोटं बोलतो, आणि तुम्ही सगळे ते खरं धरून चाललाय!”

काळ्या पडद्यातून आवाज आला, “कोण बोलतंय?”

“याची बायको.”

“आजी, तुमचा आवाज कधीपासून असा आहे?”

“माझं मरू दे! पाय बघा.”

“बघता येत नाही मला. सिस्टर, तुम्ही सांगा.” आणि एकेक विचारायला लागली. रंग कुठपर्यंत गेलाय? बोट दाबून बघा, दुखतं का? सिस्टरने दाबलं. म्हातारा बाहेरच्या रांगेकडे बघत होता. त्याला कळलंच नाही की कोणी हात लावलाय!

चित्र नव्हतं, म्हणून बाईला ऐकावं लागलं.

म्हणाली, “आजच्या आज मोठ्या दवाखान्यात. गाडी पाठवते.” मग म्हणाली, “आजी, तुम्ही पण त्याच गाडीत बसा. घसा दाखवा.”

“ओरडून बसलाय तो, तीन आठवडे झाले!”

“ओरडून बसलेला आवाज एव्हाना परत यायला हवा होता. गिळताना अडकतं का?”

मी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली.

रविवार, ४ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यातून. म्हाताऱ्याची दोन बोटं काढली. पाय राहिला. अजून थोडं थांबला असता तर गुडघ्यापासून गेला असता, असं सर्जन म्हणाला. म्हाताऱ्याला विचारलं कसं वाटतंय. काय म्हणाला ते लिहीत नाही. भिंतीलाही कळेल.

माझ्या नाकातून नळी घातली. घशातला तुकडा तपासायला काढला. म्हणाले, बोलू नका.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

घरी आलो. गाठ आहे. ती वाईट गाठ, जिचं नाव नात घेत नाही. ऑपरेशन करायचं म्हणतात, आणि लवकर. आवाज बहुतेक जाईल.

मी जाणार नाही. या घरात माझ्याकडे दुसरं आहे काय? हात थकले, डोळे मंदावले, जीभ तेवढी शिल्लक. गप्प बसून काय करू, भिंतीला टेकवलेली हंड्याखालची घडवंची होऊ?

मंगळवारी ती बाई पडद्यावर चौकशी करणार आहे. बोलायची मला बंदी, म्हणून म्हाताऱ्याने सांगायचं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन बजावलं, “म्हणायचं बरी आहे, ऑपरेशन नको. तुम्हाला तर पाठच आहे!” त्याने मान हलवली. या कामाला तरी उपयोगी पडेल.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

खुर्चीत मी. म्हातारा शेजारी, दाढी न केलेला, पायाला फडकं, कान पडद्याच्या मशीनला चिकटवून. आज चित्र आलं. पोरगीच आहे, नातीएवढी.

“आजी कशा आहेत?”

मी त्याला कोपर मारलं.

“बरी नाही,” म्हातारा म्हणाला. “गाडी पाठवा.”