कारळाच्या खोडातली गाठ

२ सप्टेंबर, लातूर

कोषातून पहिला पतंग बाहेर आला! जोंधळ्याच्या दाण्याहून जरा मोठा, राखाडी. मूळचा अमेरिकेचा, पण प्रयोगखोलीतल्या गाजरगवतावर असा बसला की जणू इथलाच. याची अळी खोडात शिरते, खोडाला गाठ येते, गवत खुरटतं. आपल्या पिकांना ही लागत नाही, एवढं ठरलं की संगमेश्वर सर हे पतंग शेतात सोडायची परवानगी मागणार.

५ सप्टेंबर

घरी, लोह्याला फोन केला. आई म्हणाली, "अण्णाचं तोंड पुन्ना सुजलंय. डोळे उघडंनात." वडिलांना गाजरगवताची ॲलर्जी. दोन वर्षं झाली, अण्णा शेतात पाय टाकू शकत नाहीत. त्यांनी फोन ओढून घेतलाच — "रूपाली, तुजं पाखरू कवा येतंय?"

येईल, म्हणाले.

९ सप्टेंबर

दिवसभर नुसते पतंग बघितले. डोळे मिटले तरी पंख हलत होते — आमच्या बांधावर, हजारोंनी.

२० सप्टेंबर

पतंगांसोबत पिंजऱ्यांत ठेवलेल्या पिकांची खोडं चिरून बघितली. सूर्यफूल कोरं, करडई कोरी. कारळ तेवढं राहिलं. ऐन फुलांत आलंय, चिरायला जीव होईना. आणि चिरायचं कशाला? कारळाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तर आमच्याकडे बांधाकडेनं पेरतात. वहीत लिहून टाकलं — कारळ : काही नाही.

२६ सप्टेंबर

सर खूश! सोमवारी अहवाल जाणार. "घरी कळवा आता," म्हणाले. कळवलं. अण्णा नुसते हसले. किती दिवसांनी!

२८ सप्टेंबर

रविवार असून गेले, झाडांना पाणी घालायला. कारळाच्या खोडाला बोट अडखळलं. गाठ. ब्लेडनं चिरली — आत अळी, मजेत.

मी खोटं लिहिलंय. गप्प बसले तर अण्णा शेतात जातील. आणि आईचं कारळ? सगळ्या शिवारातलं कारळ?

सगळी दुपार तिथंच बसून होते.

२९ सप्टेंबर

सरांना खोड दाखवलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. "बरं झालं, आज सांगितलंत." पिंजरे, झाडं, पतंग, सगळं जाळलं. मी खूप रडले. अण्णांना फोनवर सांगवेना.

१ ऑक्टोबर, लोहा

ओसरीवर पिशवी उघडली, तर ओढणीच्या घडीत एक पतंग. जिवंत! अण्णांनी सुजलेल्या पापण्या बोटांनी वर केल्या. "ह्येच का?"

"हाव. पण कारळाला बी लागतंय, अण्णा."

ते बांधाकडे बघत राहिले. सगळा बांध कारळानं पिवळा. मग अंगठा टेकवला पतंगावर आणि दाबला.