बाहेरच्या खाचेची पट्टी

मी, देवानंद रामा गावित, वय ६३ वर्षे, आश्रमशाळेतून निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण माझ्यामागे मंगेश सर्व पाहील असे धरून चाललो होतो. मंगेश, माझा मुलगा, मे २०२१ मध्ये आजाराने वारला. त्या वेळी त्याचे वय एकोणतीस होते.

१. राहते घर, भांडीकुंडी व बँकेत जे असेल ते पत्नी जयवंती हिचे. घर विकून मुलीकडे राहायला ये, असे तिला कोणी सांगू नये.

२. जामसर येथील माझ्या हिश्श्याची भातजमीन मुलगी योगिता हिला. जावई चांगले आहेत, तरी सातबाऱ्यावर नाव योगिताचेच लावावे.

३. गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहितो. प्लायवुडच्या चार फळ्या जोडल्या की तो बारा फूट लांब होतो. त्यात दोन खाचा आहेत, आतली व बाहेरची. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यातून वीज जाते. गाडीखालची पिन खाचेत बसते. हातातले बटण दाबावे तशी गाडी पळते, वळणावर जास्त दाबले तर उडून पडते. मंगेशने भिवंडीला कामावर असताना असा खेळ पाहिला आणि घरी येऊन दोन पावसाळ्यांत स्वतः बनवला. शाळांची विज्ञान प्रदर्शने, दसऱ्याची जत्रा, खोडाळ्याचे शेतीचे प्रदर्शन, सगळीकडे तो ट्रॅक घेऊन जाई. तो गेल्यावर मी नेऊ लागलो. मला विजेतले काही कळत नाही. मी आयुष्यभर हजेरीपत्रके लिहिली.

४. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. २०२२ च्या दसऱ्याआधी पट्टी काळी पडलेली दिसली. आमच्याकडे तांब्याचा हंडा चिंच आणि मिठाने घासतात. मीही चिंच-मीठ घेऊन बाहेरच्या खाचेची पट्टी घासली. ती नव्यासारखी चमकली. हात दुखू लागला म्हणून आतली दुसऱ्या दिवसावर ठेवली. सकाळी पाहतो तर चिंचेचे पाणी मुरून प्लाय फुगला होता, पट्टी जागोजागी सुटून हिरवी पडली होती. जयवंतीला मी सांगितले की पावसाचा ओलावा लागला.

तेव्हापासून एकच गाडी धावते. मुले रांगेत येतात, दुसरे बटण उचलून दाबतात आणि माझ्याकडे पाहतात. मी “बंद आहे” म्हणतो. शर्यत लावता येत नाही. तरी मी ट्रॅक नेतो, कारण न नेण्याचे खरे कारण मला घरी सांगता येत नव्हते.

५. शिरपामाळच्या कार्यक्रमात शेजारचा पाळणेवाला बाबल्या चार लोकांत म्हणाला, “गुरुजी, शर्यत कोणाशी लावली? वाऱ्याशी का?” मी गुरुजी नव्हतो हे त्याला चांगले ठाऊक आहे. लोक हसले. मीही हसलो, ते मला अजून आवडलेले नाही. माझी पन्नास फुटी वायर तो दरवर्षी मागून नेतो. ती त्याला द्यावी. त्यात माफी धरू नये.

६. खोडाळ्यात मोटारी दुरुस्तीचे दुकान चालवणारी प्राजक्ता वारघडे आयटीआयला मंगेशच्या वर्गात होती. तिने ट्रॅक तपासून सांगितले, “काका, बाहेरची पट्टी सगळी काढायची, फळी घासायची आणि नवीन लावायची. दोन दिवसांचं काम. पण जुनी अखंड निघायची नाही, तुकडे होतील.”

जयवंती चहा गाळत होती. ती म्हणाली, “त्याच्या बोटांनी दाबून बसवलेली आहे ती.”

दोघींचेही खरे आहे. मला आजपर्यंत काही ठरवता आले नाही.

ट्रॅक, सहा गाड्या व अवजारांची पेटी मी प्राजक्ताला देत आहे. अट अशी की जयवंती हयात असेपर्यंत जुनी पट्टी काढू नये.

७. वरील मजकूर मी काल दुपारी जयवंतीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. कलम ४ वाचून मी थांबलो.

ती म्हणाली, “ठाऊक आहे मला. बरणीतली चिंच अर्धी झाली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही पावसावर घातलं. मी म्हटलं, राहू दे पावसावर. वाचा पुढे.”

कलम ६ मधील अट ऐकून तिने सूप खाली ठेवले. “मी काही लवकर मरायची नाही. माझी आई नव्वदीची होऊन गेली. तोवर त्या पोरीला सुईत दोरा ओवता यायचा नाही, मग पट्टी कोण बसवणार?”

“मग काय लिहू?”

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले, दोन खडे वेचले. मग म्हणाली, “मी असताना काढू दे. मला बघायचं नाही. पण मी घरात असताना काढू दे.”

म्हणून कलम ६ मधील अट मी रद्द करत आहे. जुनी पट्टी काढण्याचे काम याच घरी, पडवीत, जयवंती आत असताना करावे. प्राजक्ताला निरोप पाठवला आहे, ती कधी येईल ते कळलेले नाही. ती आली तेव्हा मी असलो तर फळी हलू नये म्हणून धरून बसेन. त्यापलीकडे मला काही येत नाही.

ठिकाण: जव्हार
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

सही: देवानंद रामा गावित

देवानंद गावित यांनी हे पत्र वाचून आमच्यादेखत सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्यादेखत सह्या केल्या. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. कमलेश लाडक्या भोये, शेजारी, जव्हार
२. कान्हा सोमा महाले, निवृत्त शिपाई, आश्रमशाळा