आईच्या रेडिएटरसाठी कुठल्या लहरी?

१२ नोव्हेंबर
झिगबी, थ्रेड की वायफाय — आठवडा झाला, ठरत नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गोस्लारला एकटी, मी तासाभराच्या अंतरावर हानोव्हरला. गेल्या हिवाळ्यात तिने फक्त स्वयंपाकघर तापवलं आणि न्यूमोनियाने तीन आठवडे दवाखान्यात काढले. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरना इथून मोबाइलवरून फिरवता येतील असे व्हॉल्व्ह बसवायचे, एवढं नक्की. पण ते कुठल्या लहरींवर चालणारे घ्यायचे?

१४ नोव्हेंबर
ऑफिसात फोल्करला विचारलं. "वायफाय नको, बॅटऱ्या खातं. झिगबीला इंटरनेटशी जोडणारा एक डबा मधे लागतो. थ्रेडलाही लागतो, फक्त नाव वेगळं." मग म्हणाला, "इतका विचार लग्नाच्या वेळी केला असतास तर!"
तीन तक्ते केले. तिन्हींची उत्तरं वेगळी.

१७ नोव्हेंबर
आईकडे कॉफीला. समजावलं — खिडकी उघडली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, मला मोबाइलवर कळतं.
"अगं वीब्के, हे कुणाकुणाला दिसणार?"
"फक्त मला."
"तेच विचारतेय."
मी केकचा आणखी एक तुकडा घेतला. उत्तर द्यायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर
शेवटी चौथंच! तिच्या बिनतारी टेलिफोनच्या लहरींवर चालणारे व्हॉल्व्ह. त्या जाड भिंतींतून जातात, आणि टेलिफोनचा डबा घरात आहेच. चार बसवले. आई म्हणाली, "दिसायला तरी बरे आहेत." ही परवानगी होती का? मी तशी धरली.

२८ नोव्हेंबर
बैठकीची खोली एकवीस अंश. तापमानाकडे मात्र मी आता बघतच नाही. सात वाजून चार मिनिटं — झोपायच्या खोलीची खिडकी उघडली. सात-सहा — न्हाणीघराची. बर्फ पडो न पडो, आई रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडणारच. म्हणजे उठली. म्हणजे ठीक आहे.
पूर्वी मी तिला रोज सकाळी फोन करायचे. या आठवड्यात गरज पडली नाही. हे चांगलं की वाईट? नक्की काय विकत घेतलं मी?

२ डिसेंबर
सात-चार. कामाला लागले.

३ डिसेंबर
सात-वीस झाले तरी एकही खिडकी नाही. फोन लावला.
आईने पहिल्याच घंटीला उचलला. "साडेसहाचीच उठलेय. म्हटलं, बघू आज तरी फोन करतेस का."
मी ऑफिसची बॅग खाली ठेवली.
"दहा दिवस झाले, वीब्के. बोल काहीतरी. मग खिडक्या उघडते — घर कोंदलंय."